साठपर्यंत मोजायचं

सकाळी सात वाजता गॅस गिझरची ज्योत पुन्हा विझलेली होती. आठवड्यातली चौथी वेळ.

आठ महिन्यांचं बाळ कडेवर सावरत तिनं वास घेतला. गॅसचा वास नव्हता. तरी तिनं खिडकी सताड उघडली, मग पुन्हा एकदा वास घेतला.

दहा वाजता मिस्त्री आला आणि गिझरचं झाकण काढून बसला.

"ताई, नळी साफ आहे. ज्योत गेली की गॅस तोडणारं थर्मोकपल सोमवारी मीच नवं टाकलंय. ज्योत बघा, कशी ताठ जळतेय."

"मग विझते कशी?"

"वारा?"

"खिडकी बंद असते."

"विझलेली दिसली तेव्हा नॉब कुठे होता?"

तिनं आठवून पाहिलं. "बंदवर."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "ज्योत आपोआप विझली तर नॉब पायलटवरच, म्हणजे पेटत्या ज्योतीच्या खुणेवरच राहतो. बंदवर न्यायचा तर आत दाबून फिरवावा लागतो. ज्योतीला हात नसतात, ताई."

"म्हणजे गॅस गळत होता?"

"छे. बंदवर अजिबात गळत नाही. ज्यानं केलं त्यानं नीट केलं. पण हे धूड किती दिवस सांभाळणार? नवा घ्या. बटण दाबलं की पेटतो. परवा दुपारी बसवून देतो."

ती चटकन हो म्हणाली.

घरात मोठी माणसं तीनच. ती, नवरा आणि सासरे. सासूबाई जाऊन चार महिने झाले होते.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, गिझर तुम्ही बंद केलात का?"

"मी रोज पेटवतो, पोरी. बंद कशाला करू?"

तेही खरंच. सासूबाई गेल्यापासून ते एरवी दुपारपर्यंत अंथरूण सोडत नसत. पण ज्योत विझली म्हटलं की, "चला, बघतो," म्हणून उठायचे. पेटवताना तो नॉब साठ आकडे होईपर्यंत दाबून धरावा लागे. तिच्या हातून चाळिसाच्या आत बाळ रडे आणि ज्योत जाई. पूर्वी सासरे नॉब दाबत आणि सासूबाई स्वयंपाकघरातून मोठ्यानं मोजत. आता ते एकटेच पुटपुटत. पण उठलेच आहेत तर चहा घेत. परवा तर दाढीही केली होती.

त्यांच्या लक्षात राहत नसेल का? आज विसरून बंद करतात, उद्या विसरून उघडा सोडला तर? आणि शेजारच्या खोलीत पाळणा!

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "बाबांना विसरायला होतंय रे. मला भीती वाटते. काही दिवस तुझ्या बहिणीकडे पाठवू या?"

त्याचा घास हातातच राहिला. "नको. मुळीच नको."

"मग करतं कोण? भूत?"

तो ताट घेऊन उठला.

पहाटे पाचला बाळाला पाजून झाल्यावर ती गिझरपाशी गेली. ज्योत निळी, शांत. तिनं नॉबवर बाळाची पावडर भुरभुरवली. सहाला नवरा कारखान्यात गेला. सातला ज्योत विझलेली होती आणि नॉबवरची पावडर पुसलेली.

सासऱ्यांचं दार बंदच होतं.

दुपारी तिनं मिस्त्रीला फोन केला. "उद्या येऊ नका. आधी घरात बोलायचंय."

संध्याकाळी नवरा आला. तिनं त्याची डब्याची काळी पिशवी हातात घेतली आणि पट्ट्यावरचे बोटांचे पांढरे ठसे पाहिले.

"बस," ती म्हणाली. "तू अंघोळ कारखान्यात करतोस. गिझरला हात लावायचं तुला कारणच नाही. तरी ही पावडर त्या नॉबवरची."

"बाबांनी पेटवताना..."

"तोवर तू पिशवी घेऊन निघून गेला होतास. आणि बाबांचं दार इतकं करकरतं की बाळ दचकून उठतं. आज बाळ सातपर्यंत गाढ झोपलं होतं. म्हणजे दार उघडलंच नाही." तिचा आवाज चिरकला. "घरात तान्हं पोर आहे रे! का केलंस?"

त्यानं पिशवी तिच्या हातून घेतली आणि तिचा पट्टा पिळू लागला.

"पहिल्यांदा खरंच बिघडला होता. त्या दिवशी बाबा उठले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा आपणहून उठले. सोमवारी मिस्त्रीनं दुरुस्त केला आणि मला... मला धडकीच भरली. आता ते कशासाठी उठतील?"

"आणि मी त्यांना पाठवायचं म्हणत होते," ती पुटपुटली.

दार करकरलं. पाळण्यात बाळ रडू लागलं. सासरे चौकटीला धरून उभे होते.

"मला मंगळवारीच कळलं होतं," ते म्हणाले.

"बाबा?"

"तीस वर्षं पेटवतोय ते यंत्र. बंदवर गेलेला नॉब मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला उठायचं नव्हतं रे. पण तू बंद करून जात होतास, म्हणजे तुला मी उठायला हवा होतो. तुझ्यासाठी उठत होतो."

नवरा लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. तिला स्वतःच्या हुशारीचा राग आला. सगळं उघड झालं, आता उद्या काय?

दुसऱ्या दिवशी नवरा नॉबला हात न लावता गेला. सात वाजले. साडेसात झाले. दार करकरलं नाही. आठ वाजता ती बाळाला घेऊन गिझरपाशी गेली, खिडकी उघडली, नॉब दाबला आणि बंदवर फिरवला.

"बाबा," तिनं हाक मारली, "ज्योत विझली. मी विझवली."

आत पलंग कुरकुरला. मग दार करकरलं.

ते आले, काडी ओढली, नॉबवर अंगठा दाबून वाकून उभे राहिले. ओठ हलले, पण आकडा फुटेना.

ती बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून मोठ्यानं म्हणाली, "एक. दोन. तीन..."

तिकडून एकच हुंदका ऐकू आला. ती थांबली नाही.

"...अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. झाले, बाबा. सोडा."

"हो," ते म्हणाले. ज्योत केव्हाच धरली होती. पण त्यांनी अंगठा उचलला नाही.