शिवणीतला निळा

जुन्या कापडांच्या दुकानात एका गाठोड्याचं एक टोक तिच्या हातात होतं, आणि दुसरं कुणीतरी ओढत होतं.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्ही सोडा. माझी नजर आधी पडली."

"नुसत्या नजरेनं कापड मिळालं असतं, तर दुकानदार उपाशी मेला असता."

तो हसला… आणि गाठोडं त्यानंच सोडलं. त्याच्या बोटांच्या पेरांवर रंग चढलेला होता. जुनी नक्षी शोधायची, तसाच ठसा कोरायचा आणि नव्या कापडावर छापायचा, हे त्याचं काम.

तिला हवा होता तळहाताएवढा तुकडा. आत्याच्या गोधडीतला बारीक निळ्या फुलांचा चौकोन पार विरला होता. आई गेल्यावर दोन वर्षांची ती आत्याकडे आली, तेव्हा अंगात होता त्या फ्रॉकचा तो चौकोन. आत्याची दृष्टी आता विझत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. "पुरतं अंधारायच्या आत एकदा सगळी गोधडी धड बघू दे गं," एवढंच आत्याचं मागणं.

गाठोड्यात ते कापड नव्हतंच. तिचा उतरलेला चेहरा पाहून तो म्हणाला, "नमुना द्या. मी छापतो."

मग त्याच्याकडे तिच्या खेपा सुरू झाल्या. दोऱ्यांवर ओली कापडं झुलत असायची, आणि त्यांच्या आडून तो विचारायचा, "पुन्हा आलात?"

"रंग जमला नाही, म्हणून आले."

"मग न जमलेलाच बरा."

ती मान वळवून हसू लपवायची — पण पातळ कापडाआड काय लपणार?

शेवटी रंग जमला. विटक्या नमुन्याशेजारी ठेवला तर जुळी भावंडंच. तिनं घाईघाईनं तो विरलेल्या चौकोनावरच शिवला आणि गोधडी आत्याच्या मांडीवर पसरली. आत्यानं डोळे बारीक केले, पुन्हा पुन्हा पाहिलं.

"कुठं लावलास गं? मला तर सगळं एकच धुकं दिसतंय."

इतका हुबेहूब जुळवला, की फिकटात फिकट मिसळून गेला. पुढं काय करायचं ते सुचेना, तरी ती उसवायला बसली. टाके निघाले, शिवणीत दुमडलेली जुन्या कापडाची कड उलगडली… आणि ती बघतच राहिली. जिथं ऊन पोचलं नव्हतं, तिथं गडद, रसरशीत निळा.

तशीच ती त्याच्याकडे गेली. कड बघून त्यानं कपाळाला हात लावला. हात निळा होता, कपाळही झालं.

"आपण कापडाचं म्हातारपण छापत बसलो हो," तो म्हणाला. "पण हा निळा बाकीच्यांत डोळ्यांत भरेल."

"भरू दे. तेवढंच तर हवंय."

नवा चौकोन शिवून झाला त्या दिवशी तोही आला, दारातच उभा राहिला. आत्याचं बोट गोधडीवरून फिरत फिरत मधेच थांबलं.

"हा… हा माझ्या पोरीचा फ्रॉक." बराच वेळ तिनं त्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि दारात कोण ताटकळलंय? चेहरा दिसत नाही, पण रंगाचा वास येतोय. बस बाबा. फार मोठं देणं दिलंस मला."

तो बसला. पिशवीतून त्याच निळ्या कापडाचा भला मोठा तागा डोकावत होता.

"एवढं कशाला छापलंत?" तिनं हळूच विचारलं. "मला तर तळहाताएवढंच…"

"हातच थांबेना." तो खाली बघत राहिला. "म्हटलं, उरलेल्याची एक गोधडी आणखी होईल… तुमची नि माझी. तुमची हरकत नसेल तर."

"शिवणार कोण?"

"तुम्ही. मी सुईत दोरा ओवीन."

"ओवता येतो का?"

"शिकवेल की ती," आत्याच मधे बोलली.

आज आत्या नाही. तिच्या गोधडीतला तो चौकोनही उन्हं खाऊन शेजाऱ्यांसारखाच फिकटलाय, शोधावा लागतो. सुईत दोरा मात्र अजून तोच ओवून देतो, चष्मा कपाळावर चढवून. कधीतरी ती त्या चौकोनाच्या शिवणीवरून बोट फिरवते. आत तो निळा अजून तसाच असणार. उसवून बघायची गरज तिला कधी वाटली नाही.