दोन कोकिळा

आर्वीच्या बाजारात कुणीतरी ओरडलं, "कोकिळाबाई आल्या का जी?" आणि मी आपली झटकन मान वळवली. रेडिओवर दोनदा माझं गाणं काय लागलं, अख्खा तालुका आपल्यालाच शोधतोय असं वाटायचं मला!

वांग्यांच्या ढिगामागचा तरुण गालात हसला. "तुम्हाले नाई... माह्या मायले विचारून राह्यले. कोकिळाबाईची वांगी म्हणजे इथं लय नाव हाय."

"माह्यंबी नाव कोकिळाच हाय," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"ठावं हाय. तुमचं गाणं लागलं का माय निंदण सोडून बांधावर येऊन बसते. अन्... मीबी." एवढं बोलून तो हातातलं वांगं उगाचच पुसत राहिला. कान मात्र लाल झालेले!

८१ सालच्या त्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज वांगी शिजली. बाबा कंटाळले, मी नाही. मनोहर, म्हणजे तो वांगीवाला, मला कधी नावाने हाक मारायचा नाही. "अवो" म्हणायचा. विचारलं तर म्हणे, "मायचं नाव कसं घेऊ?"

दोन्ही घरं लग्नाला राजी झाली आणि तिथेच माशी शिंकली. मनोहरची आत्या म्हणाली, "एका घरात सासू-सुनेचं एकच नाव? पोरीचं बदलावं लागन." तांदळात अंगठीने कोणतं नाव लिहायचं, यावर बायकांची चर्चाही सुरू झाली. मला रडू कोसळलं. त्या नावानेच तर मी गात होते!

एसटी स्टँडवर मनोहरला स्पष्ट सांगितलं, "मले तुम्ही पाहिजे... पण नाव टाकून मी येत नाई."

तो आलेल्या गाडीत चढला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्याची आई दारात! डोक्यावर वांग्यांची टोपली. ती उतरवून त्या ओसरीवर टेकल्या.

"पोरी, माहेरी मी जयवंता होती. कोकिळा हे नाव मले सासरच्यांनी देल्लं. त्या दिवशी मीबी रडली, पण मले कोणी विचारलंच नाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तू तुह्यं नाव ठेव. मी माह्यं वापस घेतो."

"पण... तुमच्या वांग्यांचं नाव?"

"वांगं खाल्लं का लोक वळखतेत मले!"

मी त्यांच्या गळ्यातच पडले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

लग्नात मनोहरने तांदळात सावकाश अक्षरं कोरली. तेवढ्यात मांडवातून कुणी हाक दिली, "कोकिळाबाई, पानं मांडायची का?" मी वळले. सवयीने सासूबाईही वळल्या आणि खळखळून हसल्या. "मले नोको विचारू. मी जयवंता हावो!"

आणि मग आपल्या आईसमोर, सगळ्या वऱ्हाडासमोर, मनोहर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "कोकिळा..."

रेडिओवर दोनदा ऐकलेलं माझं नाव मला इतकं गोड कधीच लागलं नव्हतं.