दोघींना सारखंच माप

मिरची-कांडपाच्या गिरणीची मोटर बंद झाली की विट्याच्या त्या गल्लीत एकदम शांतता व्हायची, आणि लोक समजायचे, आता वर गच्चीवर शर्वरीशी बोलणं सुरू होणार.

गच्चीवर रेडिओची आठ मीटरची थाळी होती. तिच्याखालच्या खोलीत यंत्रं, चार खुर्च्या आणि खालून वर येणारा मिरचीचा खकाणा. मधल्या खुर्चीत सगुणाबाई वाघचौरे बसायच्या. यंत्रांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, शाळा दुसरीतच सुटलेली. पण गच्ची त्यांची, वीज त्यांची आणि आभाळात गेलेली पोरही त्यांचीच. तेव्हा मधली खुर्ची कुणाची, हा विषय कुणी काढत नसे.

शर्वरी 'दूर्वा' या यानावर होती. चौघांना घेऊन यान एका लघुग्रहापाशी गेलं होतं. तिथून थोडं पुढं जायचं, इंजिन पेटवायचं आणि पृथ्वीकडं वळायचं, असा बेत. मध्येच हरभऱ्याएवढा एक खडा यानाच्या मोठ्या थाळीवर आदळला. थाळी गेली आणि यानाची वाटही जराशी वाकडी झाली. उरला तो शर्वरीनं हौसेनं नेलेला छोटा रेडिओ. त्याची तरंगलांबीच वेगळी. अंतराळ केंद्राच्या मोठ्या थाळ्यांना ती जुळवून घ्यायला पंधरवडा लागणार होता. आणि यान रोज ज्या बारा मिनिटांत पृथ्वीकडं तोंड करी, त्या वेळी समोर येणाऱ्या भागात एवढ्या ताकदीचं हौशी रेडिओ केंद्र एकच होतं. मिरचीच्या कांडपावरचं.

केंद्रानं पाठवायला दिलेलं वाक्य सगुणाबाईंना पाठ झालं होतं: ठरल्या वेळी इंजिन पेटवू नका, नऊ तास थांबा. ठरल्या वेळी पेटवलं तर यान पृथ्वीला चुकवून पुढं निघून जाणार होतं आणि परत वळायला इंधन उरणार नव्हतं. त्या वेळेआधी बोलायच्या तीनच खेपा शिल्लक होत्या.

आणि गेला आठवडाभर इकडचं तिकडं नाही, तिकडचं इकडं नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, अंतर वाढतंय, आवाज क्षीण झाला असेल. सगुणाबाईंची सून ज्योत्स्ना यंत्राची ताकद वाढवत राहिली. मग मिरजेहून मुल्लासर आले. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, हौशी रेडिओतलं जुनं खोड. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या आणि बोलायची-ऐकायची मिनिटं त्यांवर मांडून बघितली.

"आक्का, दुखणं आवाजाचं नाही," ते म्हणाले. "दुखणं या डब्याचं आहे."

त्यांनी बोट दाखवलं तो क्रमनियंत्रक होता. कॉलेजात एकाच टेबलावर बसून शिकलेल्या ज्योत्स्नानं आणि शर्वरीनं यान निघण्याआधी मिळून त्याची आज्ञावली लिहिली होती. एक डबा इथं, तसाच दुसरा यानात.

मुल्लासरांनी सोपं करून सांगितलं. थाळी एकच, तिनंच बोलायचं आणि तिनंच ऐकायचं. ऐकणारा भाग इतका नाजूक की आपल्याच आवाजानं जळून जाईल. म्हणून बोलायची वेळ आली की हा डबा आधी कान बंद करतो, मग थाळी कानाकडनं काढून तोंडाला जोडतो आणि सर्वांत शेवटी तोंड उघडतो. बोलून झालं की हेच सगळं उलट्या क्रमानं. आवाज इतका बारीक की एक वाक्य पुरं मिनिटभर पसरून पाठवावं लागतं. मिनिट अर्धवट मिळालं तर काहीच उलगडत नाही. यंत्र तापतं, म्हणून एक मिनिट बोलायचं आणि एक मिनिट ऐकायचं.

"म्हंजे कांडप चालू असताना हाक मारल्यागत," सगुणाबाई म्हणाल्या. "मोटर थांबंल तवा ऐकू येणार."

"अगदी तसंच. आता बघा. दोन्ही डबे एकाच ठोक्याला बोलायला लागतात. यान तीन प्रकाशमिनिटांवर होतं तेव्हा तिचं वाक्य तीन मिनिटांनी इथं यायचं, नेमकं आपण ऐकत असताना. आता यान चार प्रकाशमिनिटांवर गेलंय. तिचं वाक्य येतं तेव्हा आपण बोलत असतो. आपलं पोचतं तेव्हा ती बोलत असते."

 ज्योत्स्ना खाली बघत म्हणाली, की खरी रीत एकीनं पहिलं मिनिट घ्यायचं आणि दुसरीनं दुसरं, अशीच असते.

ते सगुणाबाईंना आठवत होतं. पहिली कोण आणि दुसरी कोण, यावरून दोघी पोरी हसतखिदळत भांडत होत्या, तेव्हा त्यांनीच मध्ये तोंड घातलं होतं. या घरात लेकीला एक आणि सुनेला एक असं कधी झालं नाही. दिवाळीला दोघींना एकाच ताग्यातली साडी. आधी कुणी न्हाई, मागनं कुणी न्हाई, दोघींना सारखंच माप घाला. आणि पोरींनी घातलं होतं, दोन्ही डबे एकाच ठोक्याला लावून. यान तीन प्रकाशमिनिटांवर असेल तेवढेच दिवस नुसती मजा म्हणून बोलायचं होतं, तेवढ्या अंतराला ते चालणारही होतं. खडा आदळेल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

"मग सरकव की एक मिनिट," त्या सुनेवर खेकसल्या. "बसलीस काय अशी?"

ज्योत्स्नानं सरकवलं. पहिल्या खेपेला वाक्य पाठवून झालं. चार मिनिटं जायला आणि चार यायला. बारा मिनिटांत एकच डाव खेळता येई. काहीही आलं नाही.

ज्योत्स्नाच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आत्याबाई, तिनंही सरकवलं असणार. मी जो हिशेब केला तोच तिनं केला. दोघी एकाच वेळी बाजूला झालो की परत समोरासमोरच."

दुसऱ्या खेपेला म्हणून तिनं मुद्दाम काही केलं नाही, शर्वरी आता पुन्हा सरकवेल असं धरून. शर्वरीनंही तिकडं हेच धरून काही बदललं नसावं. एकच आज्ञावली यानातल्या डब्यात आणि इथल्या डब्यात होती, तशीच ती या दोन पोरींच्या डोक्यांतही होती.

शेवटच्या खेपेआधी मुल्लासर म्हणाले, आता अकलेनं सुटणार नाही, नाणं उडवू. छापा पडला तर सरकवू, काटा पडला तर नको. तिच्यापेक्षा वेगळं पडण्याची शक्यता निम्मी तरी आहे.

"माझ्या लेकीचा जीव मी नाण्यावर टाकायचा?" सगुणाबाईंनी विचारलं. मग म्हणाल्या, "सर, आपण बोलायचंच न्हाई. बारा मिनिटं नुसता कान उघडा ठेवायचा. मग ती कवाबी बोलू दे, ऐकू येणार का न्हाई?"

मुल्लासरांनी विचार केला. "येणार. एकानं बोलायचंच सोडलं तर दुसऱ्याचं मिनिट कोणतंही असो. आणि तिचं पहिलं वाक्य आलं की उत्तर पोचायला वेळही उरतो. पण ती बोलली पाहिजे, आक्का."

"ती न्हाई बोलणार?" सगुणाबाई हसल्या. "जन्मली तवा रडाय लागली ती अजून थांबल्याली न्हाई. माझं वाक्य तिनं कधी पुरं होऊ दिलंय? तुमचं नाणं निम्मं खरं. माझी पोर पुरी खरी."

मुल्लासरांना यात खोट सापडेना. नाणं खिशात गेलं.

मोटर बंद झाली. बारा मिनिटं सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा सगुणाबाई वाघचौरे स्वतःहून गप्प बसल्या. चार मिनिटं काही येणार नव्हतंच. पाचवं गेलं, तिचं पहिलं वाक्य यायला हवं होतं. सहावं गेलं. नुसती खरखर. सातवं गेलं. आठवं मिनिट संपता संपता ज्योत्स्नानं हलक्या आवाजात विचारलं, "आत्याबाई, शेवटचं नीट पोचलं होतं ते आपलं वाक्य कुठलं?"

सगुणाबाईंना ते आठवलं. अंतर वाढायच्या आधीची गोष्ट. शर्वरी खड्याबद्दल, थाळीबद्दल एकसारखी बोलत होती. तिची बडबड ऐकून यांचा संताप झाला होता आणि एक पुरं मिनिट त्यांनी त्यातच घालवलं होतं: जन्मभर तूच बोललीस, आता जरा गप बस आणि आईचं ऐक.

त्यावर तिकडून एकच शब्द आला होता. बरं.

असं ती आधी कधी म्हणाली नव्हती. सगुणाबाईंना त्याचं तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. गल्लीत सांगत फिरल्या होत्या.

त्यांनी बटण दाबलं. डब्यात टकटक झालं. कान मिटला, तोंड उघडलं. केंद्राचं वाक्य त्यांनी एकदा म्हटलं, मग पुन्हा. मुल्लासर घड्याळाकडं बघत होते. वाक्य यानापर्यंत पोचायला चार मिनिटं आणि पुरं व्हायला एक. बटण दाबलं तेव्हा यानाला पाठ फिरवायला चारच उरली होती.

"बोल गं," सगुणाबाई म्हणाल्या. "बोल की. मी कवा ऐकलंय तुझं, आता ऐकते."

ज्योत्स्नानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आत्याबाई, बटण सोडा. दाबलेलं असेल तोवर आपला कान बंद आहे."

त्यांनी बोट उचललं. टकटक झालं. कान उघडला आणि खोलीत पुन्हा ती खरखर भरून राहिली. सगुणाबाईंना आता ती ओळखता येत होती. तिकडं त्यांची पोरही हाच हिशेब करून, या शेवटच्या खेपेला तोंड मिटून, आई काय म्हणते त्याची वाट बघत बसली होती.