ताईचे थेंब

तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. मारतो की! पण ही थाप असती, तर मीच सुखानं झोपलो असतो.

भर दुपारी तीनला ताईचा भाऊ औषध करायला बसला. रोजचंच काम. ताईचं औषध तयार झालं की तासाभरात नासायचं, म्हणून इस्पितळानं त्याला तिच्या वॉर्डाशेजारचीच खोली दिली होती. कारखाना केवढा? पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची चिप! तिच्यात केसासारख्या बारीक नाल्या. एका टोकानं दोन द्रावणं शिरायची, मध्ये औषध बनायचं, आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक थेंब तपासून पडद्यावर उमटायचं : शुद्ध, नाहीतर अशुद्ध.

आज नालीत बुडबुडा अडकला. चिप शेवटची. आजचा डोस चुकला तर ताई उद्याची सकाळ बघणार नव्हती. भावानं धंद्यातलं महापाप केलं : नळी तोंडात धरून फुंकर मारली.

थेंब आला. शुद्ध. दुसरा, तिसरा... शुद्ध. भाऊ हरखला. सातव्या थेंबाला त्याची नजर द्रावणांच्या बाटल्यांकडे गेली. दोन्ही नळ्यांचे चिमटे बंदच होते. द्रावण हललंसुद्धा नव्हतं.

फोन वाजला. पलीकडे नर्सबाई.

"दादा, ताईंचं वजन उतरतंय हो. पलंगाचा काटा अठ्ठेचाळीस किलो दाखवत होता, आता एक्केचाळीस."

"काटा बिघडला असेल."

"मी स्वतः बसून बघितलं. माझं मेलं अगदी बरोबर दाखवतो!"

चिपमधून थेंब पडला.

"चाळीस..." नर्सबाई कुजबुजल्या.

भावानं चिपच्या पंपाची वायर उपटली. थेंब पडला. चिप फोडायला त्यानं हातोडी उचलली, तोच फोनमधून ताईची किंकाळी आली. हातोडी खाली ठेवली, तशी ताई शांत झाली.

कुपीत आजवरचं सगळ्यात चोख औषध साचत होतं. ताईसाठी. ताईचंच.

"मला घे गं बाई," असं चिपला विनवत त्यानं पुन्हा नळीत फुंकलं. पडदा म्हणाला, अशुद्ध. पुन्हा फुंकलं. अशुद्ध. त्यानंतर फुंकरीशिवाय पडलेला थेंब मात्र शुद्ध.

चारच्या सुमाराला नर्सबाईंचा आवाज अगदी बारीक झाला. "दादा... काटा शून्यावर आलाय."

"गेली?"

"नाही हो... टेकून बसल्यात. तुम्ही जेवलात का, विचारतायत. पण... उशीला खळगाच पडत नाहीये."

चिपच्या टोकाशी पुढचा थेंब हळूहळू फुगू लागला होता.