तिसऱ्या मोज्यातली वाइन

ओहोटी लागली की जिरोंद नदीत पाणी कमी आणि चिखल जास्त. मग लामार्कच्या धक्क्यावर फेरीबोट खोळंबते ती खोळंबतेच. त्या शुक्रवारीही तेच झालं. माइलिस बुचांची पोती गाडीत टाकून ब्लायला, म्हणजे आपल्या काठाला, परत निघाली होती. पाऊस भुरभुरत होता. धक्क्यावरच्या एकुलत्या एक छपराखाली एक तरुण छातीशी लाकडी पेटी धरून आधीच उभा होता. तिला जागा द्यायला तो सरकला आणि सरकता सरकता म्हणाला,

"सकाळी लसूण सोललात तुम्ही. आणि नंतर लिंबानं हात धुतलेत."

माइलिसनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अनोळखी बायकांचे हात हुंगत फिरता का तुम्ही?"

"पोटासाठी हुंगावं लागतं," तो ओशाळून म्हणाला. "वाइन चाखायचं काम करतो. डोळे मिटता येतात हो, नाक नाही मिटता येत."

तिला हसू आलं. त्याचं नाव तिबो. लामार्कच्या काठावरच्या मेदोकात एका वाइनच्या दलालाकडे कामाला होता, आणि पेटीत होता त्याचा स्वतःचा चाखायचा पेला. दुसऱ्याच्या पेल्यातून तो चाखत नसे. बूर गावच्या एका घरी चालला होता, कुणा म्हाताऱ्या बाईंनी बोलावलं म्हणून.

"बाई भलत्याच खट आहेत म्हणतात. आणि भाची…"

"भाची काय?"

"भाचीबद्दल कुणी काहीच बोललं नाही."

"नशीब," माइलिस म्हणाली, आणि बोट पलीकडे लागेपर्यंत पंचवीस मिनिटं गढूळ पाण्याकडे बघत गप्प बसली. धक्क्यावर उतरल्यावर त्यानं बूरचा रस्ता विचारला, तेव्हा तिनं गाडीचं दार उघडलं. "बसा. ती खट म्हातारी माझी आत्या." पुढचे चार मैल त्याचे कान लालबुंद होते.

आता आत्याचं म्हणाल तर जोझियान आत्या खट होतीच. नाकावर माशी बसू न देणारी. द्राक्षमळ्याचा अर्धा हिस्सा तिचा, अर्धा तिच्या भावाचा, म्हणजे माइलिसच्या वडिलांचा. वडील गेले आणि तेव्हापासून मळा, तळघर, पिंपं, सगळं माइलिस एकटी बघत होती. पण आत्याच्या मते भावाच्या हातची सर तिला नव्हती. दर रविवारी जेवताना सूप संपत आलं की आत्या ताटलीतल्या उरल्या घोटात दोन हजार बाराची वाइन ओतायची, ताटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची, आणि मग ठरलेला टोमणा यायचा. दोन हजार दहाची चांगली वाइन कुणीही करेल, देवानंच ऊन दिलं होतं. बाराला पावसानं झोडपलं, तरी माझ्या भावानं हे काढलं. तुला कधी येणार असं?

माइलिस खाली मान घालून ऐकायची. तिला काय उत्तर द्यायचं ते माहीत होतं, आणि ते देता येत नव्हतं.

यंदा शेजाऱ्यानं मळा खंडानं मागितला, आणि आत्यानं पैज लावली. घराची चव मोडली असेल तर घर चालवायचं कशाला? सहा सालांच्या सहा बाटल्या ओळीनं मांडायच्या. परक्या, जाणत्या माणसानं चाखायच्या आणि हात कुठे बदलला तिथे सुरी ठेवायची. त्याला जागा बरोबर सापडली तर मळा शेजाऱ्याला. नाही सापडली तर आत्याचाही हिस्सा माइलिसच्या नावावर. आत्या बोलली की बोलली. पण न्यायाला पक्की; तिबोला भावाचा हात आधी ओळखीचा व्हावा म्हणून चार शुक्रवार जुनी सालं पाजायची, असंही तिनंच ठरवलं.

म्हणून मग ते चार शुक्रवार आले. आणि माइलिस, जिनं या माणसाचा राग करायचा होता, ती शुक्रवारची वाट बघायला लागली.

पहिल्यांदा एकोणनव्वदची उघडली. तिबो पेला तिरका धरून काठाचा विटकरी रंग बघत राहिला. जुन्या कंपासपेटीचा वास येतो म्हणाला, आत पेन्सिलीची टरफलं पडलेली असतात तसा. दुसऱ्या शुक्रवारी पंचाण्णव आणि दोन हजार शेजारी शेजारी ठेवल्या. पंचाण्णव कडक मास्तरासारखी, दोन हजार तीच शिकवण हसत देणारी. वडील गेले ते साल तेवढं सांगू नका, असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाकी सगळं तो विचारायचा. तोडणी कधी केली, गाणी कोण म्हणायचं, वडील चिडायचे का?

"हट्टी होते," तो एकदा पेल्यात बघत म्हणाला. "चोथा शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचे आणि तो तुरट थेंबही पिंपात घालायचे. काही सोडायचे नाहीत."

माइलिसचे डोळे भरून आले. "जेवतानासुद्धा. पावानं ताटली पुसून… म्हणजे इतकी की धुवायची…"

"तुम्ही वाक्य पुरं का करत नाही कधी?"

"समोरच्याला कळलं की झालं ना. उगाच शेवटपर्यंत…"

तो हसला. तेही वाक्य अर्धंच राहिलं होतं.

चौथ्या शुक्रवारी दोन हजार पाचची वाइन झाल्यावर ती त्याला ब्लायच्या धक्क्यावर सोडायला गेली. पाऊस नव्हता, तरी दोघं तिथल्या छपराखालीच उभी राहिली. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तिला "तू" म्हणाला. पुढच्या वेळी जे लागेल ते मी खरं सांगणार, म्हणाला. नाक सोडून माझ्याकडे दुसरं काही नाही. ती म्हणाली, "माहितीय. म्हणून तर मला तू…" आणि बोटीचा भोंगा झाला. भोंग्याचं निमित्त. तिनं ते वाक्य तसंही सोडलंच असतं.

पाचव्या शुक्रवारी दुपारी आत्यानं बाटल्या झाकायला भावाचे लोकरीचे मोजे काढले, तो शिकारीला जाताना घालायचा ते. सहा बाटल्या सहा मोज्यांत घालून टेबलावर उभ्या केल्या, डावीकडून उजवीकडे, जुन्यापासून नव्यापर्यंत. आत्याच्या हिशेबानं दहा, अकरा, बारा वडिलांच्या. तेरा, चौदा, पंधरा माइलिसच्या. तिबोला सालं ठाऊक नव्हती. त्यानं पेटीतून पेला काढला, रुमालानं पुसला. चुलीवर कोबी आणि बदकाचं सूप उकळत होतं, ते त्यानं आधी झाकायला लावलं.

पहिली चाखली. दुसरी चाखली. तिसऱ्या मोज्यापाशी तो थांबला. पुन्हा नाक पेल्यात घातलं, पुन्हा एक घोट घेतला, आणि एकदाच, अगदी एकदाच, माइलिसकडे बघितलं. पुढच्या तीन त्यानं झटपट चाखल्या, सुरी उचलली, हातात क्षणभर धरून ठेवली, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीच्या मध्ये ठेवली.

आत्या खुर्चीवरून उठली. "चुकलास. तिसरी बारा आहे. माझ्या भावाची, त्याची सगळ्यात चांगली वाइन. इतकं कळत नाही? तुझ्या मालकाला लिहिते मी, या पोराचं नाक गेलं म्हणून."

म्हणजे पैज माइलिस जिंकली होती. सुंठेवाचून खोकला गेला. नुसतं मूग गिळून बसायचं होतं.

तिबोला सगळं कळलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण तो एवढंच म्हणाला, "चूक होऊ शकते, मादाम." आणि पेला रुमालात गुंडाळून पेटीत ठेवायला लागला.

माइलिसला तो गुंडाळला जाणारा पेला बघवेना.

"त्याची चूक नाही, आत्या," ती म्हणाली. "बारा मी केली."

सुपाचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"त्या उन्हाळ्यात औषधांनी बाबांचं नाक गेलं. लसूण आणि गुलाब सारखंच झालं त्यांना. तळघरात पेला हातात घेऊन रडत होते. म्हणाले, कुणाला कळू देऊ नकोस, जोझियानला तर नाहीच. तोडणी, पिंपं, सगळं मी केलं. ते शेजारी बसून असायचे. मी वचन दिलं होतं, म्हणून…" ती थांबली. मग नेटानं पुढे म्हणाली, "म्हणून तुमचे टोमणे ऐकत आले. आज वचन मोडलं आणि मळाही घालवला. पण त्याचं नाक शाबूत आहे, ते लिहा तुमच्या पत्रात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आत्यानं सुपाची ताटली भरून घेतली, जवळजवळ सगळी संपवली, तिसऱ्या मोज्यातली बाटली उचलून उरल्या घोटात वाइन ओतली आणि ताटली तोंडाला लावली.

"पाच वर्षं तुझ्याच बाटलीनं तुला झोडपलं मी," ती म्हणाली. "आणि तू खाली मान घालून…"

"पैज हरले ना मी?"

"हरलीसच. त्याला जागा सापडली." आत्यानं पदरासारखा धरलेला रुमाल डोळ्यांना लावला. "पण तुझ्या बाबांच्या सख्ख्या बहिणीला सापडली नाही. मग मोडलं काय आणि कुठे? शेजाऱ्याला सोमवारी नाही म्हणून कळवते. एक ऐक, पोरी. यापुढे बाबांसारखी वाइन करायला जाऊ नकोस. तुझीच कर." मग तिबोकडे वळून म्हणाली, "आणि तू रे, पेटी कसली बांधतोस? जेवून जा."

संध्याकाळी ब्लायच्या धक्क्यावर भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. दोघं गेल्या शुक्रवारच्याच छपराखाली उभी होती.

"तिसरी माझी, हे सुरी ठेवताना तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच घोटाला. तुझे बाबा शेवटचा थेंब पिळायचे. हा हात जरा आधी थांबतो. बाकीचं पिणाऱ्यावर सोडतो. चार शुक्रवार तेच तर ऐकत होतो मी."

"आणि तरीही ठेवलीस. माझा मळा गेला असता, तिबो."

"गेला असता," तो म्हणाला. "दोनदा वाटलं, सुरी सरकवावी एका बाटलीनं. पण मग मी खोटा चाखणारा, आणि तू ते ओळखणारी. पुढच्या शुक्रवारी दार उघडलं असतंस?"

तिनं विचार केला. "नसतं उघडलं."

"आणि चूक माझी म्हणालो, कारण ती गोष्ट तुझी होती. सांगायची की नाही, ते तूच ठरवायचंस."

बोट लागली. गाड्या चढल्या, माणसं चढली. साखळी ओढणारा माणूस तिबोकडे बघून थांबला.

"तिबो, मला तू…" माइलिस म्हणाली, आणि नेहमीसारखी थांबली.

कळलं, असं मान हलवूनही त्यानं म्हटलं नाही. पेटी छातीशी धरून नुसता वाट बघत उभा राहिला. साखळीवाल्यानं खांदे उडवले, भोंगा झाला, तरी तो तसाच.

"मला तू आवडतोस. फार आवडतोस. आणि पुढच्या शुक्रवारी कुठलीही बाटली चाखायला नाही, माझ्यासाठी ये."

बोट सुटली होती. पुढची दीड तासानं होती.