दुसरी रेकॉर्ड

"मॅडम, जरा जागा बदलता का? ऊन लागून राहिलंय."

लातूर-उदगीर एसटीत खिडकीशी बसलेल्या त्या अनोळखी तरुणाचा मला रागच आला. एवढा धडधाकट माणूस, आणि उन्हाला भितो?

"तुम्हाला?"

"न्हाई… हिला."

त्याच्या मांडीवर चौकोनी, चपटं पुडकं होतं. आत जुनी रेकॉर्ड, उन्हानं वाकडी होणारी. मग मी करपले तर चालेल का, असं मी विचारलं. तो इतका ओशाळला, की मी हसत हसत खिडकीशी सरकले.

संगमेश्वर त्याचं नाव. उदगीरला लग्नांत साउंड लावायचा धंदा. सीझनभर वरातीची गाणी वाजवायची आणि घरी ऐकायचं काय, तर साठ वर्षांपूर्वीच्या इंग्रज पोरांचा बँड! रिदम अँड ब्लूज म्हणतात म्हणे त्या संगीताला. लातूरच्या भंगारात त्यांचा दुसरा अल्बम सापडला म्हणून स्वारी खुशीत होती.

मी उदगीरच्या कॉलेजात शिकवते, रोजची ये-जा. आता त्यालाही लातूरला रोज काम निघू लागलं. कसलं, ते मी विचारलं नाही. फोनवर तो त्या रेकॉर्डमधली गाणी भरून आणायचा. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. शब्द अर्धेअधिक कळायचे नाहीत. त्याचं मनगट माझ्या मनगटाला लागायचं, ते मात्र नीट कळायचं… आणि मी हात काढून घ्यायची.

कारण माझं एक लग्न होऊन मोडलेलं होतं. घरी पुन्हा स्थळं येत होती, आणि मी ठरवून टाकलं होतं – आता कुणात जीव गुंतवायचा नाही.

एके दिवशी स्टँडसमोरच्या रसवंतीत तो म्हणाला, आईनं घरी बोलावलंय, रेकॉर्ड ऐकायला. रेकॉर्डसाठी कुणाची आई बोलावणं धाडत नाही, एवढं मलाही कळतं. आता सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं की हा जाणार.

"माझं एकदा लग्न झालंय," मी ग्लासाकडे बघत म्हणाले. "लोक दुसरेपणाची म्हणतील. चालेल आईला?"

"हाव, ठाऊक हाय. रोजच्या गाडीच्या कंडक्टरनं कवाच सांगितलं. आईलाबी म्या सांगितलंय."

मी ग्लासावरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे बोलू लागला.

"ह्या पोरांची पहिली रेकॉर्ड लई खपली, मॅडम. पण तिच्यात बरीच गाणी दुसऱ्यांची. दुसरीत त्यांनी स्वतःची गायली. लोकांनी नाकं मुरडली… मला तीच आवडती." मग अगदी हळू, "पहिल्या वेळी तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं. स्थळ मामांनी आणलं, हो बाबांनी म्हटलं, तारीख मठाच्या स्वामींनी काढली. मी फक्त साडीचा रंग निवडला होता. भर रसवंतीत माझे डोळे भरून आले.

"म्हणून म्या विचारून राहिलो. तुम्हाला काय पाहिजे?"

आणि तो थांबला. उत्तर नाही आलं तरी चालेल, असा शांतपणे थांबला.

"तुम्ही," मी पुटपुटले.

चरकाच्या घुंगरांत त्याला ऐकूच गेलं नाही. "काय म्हटलात?"

"तुम्ही! तुम्ही पाहिजे मला!"

सगळी रसवंती वळून बघू लागली. मी मान खाली घातली नाही.