महिपतचे तीन ठोके

भुतंखेतं रात्रीचीच निघतात असं म्हणणाऱ्यांनी वैशाखातली रत्नागिरीची दुपार पाहिलेली नसते. दोन वाजले की वारा पडतो. तापलेल्या कातळाला भाजल्यासारखा वास सुटतो, कावळेसुद्धा तोंड मिटून बसतात, आणि आपल्याच वहाणांचा आवाज मागून कोणी चालत येत असल्यासारखा वाटतो. अशाच एका दुपारी म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर हरिहरपंत लिमये खालच्या आळीत एक काठी मागायला निघाले होते. साल एकतीस की बत्तीस, त्यावर म्हाताऱ्यांचं अजून एकमत होत नाही.

काम तसं साधं होतं. नळवाला महिपत चैत्रात तापानं गेला होता, आणि त्याची ती काठी त्याच्या बायकोकडे होती. खैराच्या लाकडाची, कमरेइतकी उंच. एक टोक नळावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, की जमिनीखाली पाणी कुठे धावतं, कुठे गळतं, ते महिपतला ऐकू यायचं. हरिहरपंत पुण्याला शिकून आलेले. ते या काठीला हसायचे. आज तीच मागायला पायपीट करत होते.

कारण खालच्या आळीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली होती. आळीतल्या गटाराखाली नळ तडकला होता आणि गटाराची घाण पाण्यात उतरत होती. काल दोन माणसं गेली, आज सकाळी तीन. हरिहरपंतांनी नळकोंडाळ्याच्या तोट्या तारेनं बांधल्या, दवंडी पिटवली. सकाळी पाहतात तो तारा सोडलेल्या! विहिरी तळाला गेलेल्या, घशाला कोरड पडलेली. तहानलेला माणूस दवंडी ऐकतो होय?

उपाय एकच होता. आळीकडे जाणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाणी टेकडीवरच्या टाकीतून रोज संध्याकाळी पाचला सुटायचं, आधी इस्पितळाला यायचं आणि तिथून पुढे रस्त्याखालून आळीला जायचं. टाकीच बंद ठेवावी तर इस्पितळ कोरडं, आणि तिथे तर पटकीचेच रोगी पाण्यासाठी तळमळत पडलेले. टाकी उघडावी तर आळीत मरण जाणार. मधला व्हॉल्व्ह मिळाला तरच दोन्हीकडची माणसं वाचणार होती.

आणि तो व्हॉल्व्ह हरिहरपंतांनी स्वतःच पुरला होता.

माघात कोणी बडा साहेब यायचा होता, म्हणून इस्पितळापासून आळीपर्यंतच्या रस्त्यावर नवी खडी पडली. व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं बोटभर वर राहायची, मोटारीला धक्का बसला असता. हरिहरपंतांनी हुकूम सोडला की झाकणं खाली घ्या आणि वरून रूळ फिरवा. रस्ता असा झाला की जेवणाचं पान मांडावं. अध्यक्षांनी पाठ थोपटली. महिपत मात्र म्हणाला होता, "साहेब, झाकनं पुरू नका. पुरलीत तर निदान माज्यासंगं चला. येकेक जागा दाकवतो, कागदावर घ्या." नळांचा नकाशा असा म्युनिसिपालिटीत कधी झालाच नव्हता. तीस वर्षं तो महिपतच्या डोक्यात होता. हरिहरपंत म्हणाले, "बघू रे, सवडीनं." मग महिपतला ताप आला, आणि नकाशा त्याच्याबरोबर भाट्याच्या मसणातल्या वाळूत गेला.

महिपतची बायको तुळसाबाई दारातच उभ्या होत्या. शेजारच्या घरात रडणं चालू होतं, दमलेलं, आवाज उरला नसलेलं.

"तुळसाबाई, महिपतचा तो दांडा हवा होता," हरिहरपंत म्हणाले. वर बघायचं त्यांना धाडस झालं नाही.

त्या आत गेल्या आणि दांडा घेऊन आल्या. कान लावून लावून त्याचं वरचं टोक गुळगुळीत झालं होतं.

"तापात व्हते तरी चार दिस कचेरीच्या पायरीवर बसून ऱ्हायले तुमची वाट बगत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "म्हनायचे, साहेबांस्नी जागा दाकवल्याबिगर माजा पाय निगायचा नाय."

"चुकलं माझं," हरिहरपंत म्हणाले. असं ते आयुष्यात फारसं कोणाला म्हणाले नव्हते. "पण आता नळ कोरडे आहेत. पाच वाजल्याशिवाय पाणी नाही. दांड्यातून ऐकू तरी काय येणार..."

"येईल ता आयका," तुळसाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या घराकडे वळल्या.

इस्पितळापाशी धाकू वाट पाहत होता. धाकू म्हणजे महिपतबरोबर वीस वर्षं खड्डे खणलेला गडी, मिशा पांढऱ्या झालेला. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी, गावात तेवढी एकच. सकाळपासून त्यानं अंदाजानं पाच खड्डे पाडले होते. पाचही फुकट. रूळ फिरवलेली खडी अशी बसली होती की पहारेच्या ठिणग्या उडाव्या.

"हितं कुटंतरी, साहेब. पन रस्ता दोन फर्लांगाचा. मी निस्ता खनायचो, खूण तेंच्या ध्यानात."

महिपतच्या दोन खोडी सगळ्या गावाला ठाऊक होत्या. नळ सोडण्याआधी तो चावीनं नळावर तीन ठोके द्यायचा, दोन लागोपाठ आणि तिसरा जरा थांबून. ते नळातून खाली आळीपर्यंत पोचायचे आणि बायका भांडी सरळ करायच्या. दुसरी खोड म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला की आंब्याचं एक ताजं पान तोडून झाकणाखाली चावीच्या जागी ठेवायचा. पान दिसलं की समजायचं, हा महिपतनं बंद केलाय, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. रोज तपासायला आला की जुनं पान काढून नवं ठेवायचा. हरिहरपंत एकदा म्हणालेही होते, "काय रे, नळाला सत्यनारायण घातलास का?"

चार वाजत आले होते. इस्पितळाच्या भिंतीपाशी नळ जमिनीतून वर, उघडा आलेला होता. हरिहरपंतांनी दांडा त्यावर टेकवला, इकडेतिकडे पाहिलं, कारण ओव्हरसियरनं लोकांत असं करणं शोभत नाही, आणि कान लावला.

आधी काहीच नाही. मग स्वतःच्या छातीची धडधड. लोखंडाचा आणि जुन्या ओल्या मातीचा वास आला, तापलेल्या उन्हात तो कुठून आला कळेना. आणि मग, फार लांबून...

ठक, ठक... ठक.

हरिहरपंतांनी कान काढला. रस्ता मोकळा होता. खालचं नळकोंडाळं इथून स्पष्ट दिसत होतं. तिथे चिटपाखरू नव्हतं.

"धाकू, चावी कुठे आहे?"

"ही काय, माज्या खांद्यावं."

त्यांनी पुन्हा कान लावला. दोन लागोपाठ, तिसरा जरा थांबून. थकवा नाही, घाई नाही. कामाचा माणूस काम करतो तसे ठोके.

त्यांनी दांडा धाकूकडे दिला. धाकूनं ऐकलं, आणि हळूच डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"तेच हायत," तो पुटपुटला.

हरिहरपंत घाबरले का? घाबरले. मानेवरचा घाम गार झाला. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना वाटतं तसं. आपण ज्याला पायरीवर बसवून ठेवलं, तो अजून कामावर आहे, एवढंच त्यांच्या मनात राहून राहून येत होतं. त्यांनी वहाणा काढल्या. तापलेल्या खडीवर तळवे भाजत होते, तरी ते अनवाणी निघाले, चार पावलं चालायचं, दांडा टेकवायचा, ऐकायचं. ठोके मोठे होत गेले. वडाच्या वळणापाशी तर दांडा हातात थरथरू लागला. आणखी दोन पावलं पुढे जाताच आवाज एकदम बारीक झाला. ते मागे आले.

"इथे खण."

धाकूनं पहार मारली. पहिल्या घावाबरोबर खालचे ठोके थांबले. धाकू थकला तसे हरिहरपंतांनी कोट काढून पहार हातात घेतली. इस्पितळाच्या ओसरीवरून माणसं पाहत होती, पाहू देत. खडी, तिच्याखाली जांभ्याचा चुरा, आणि वीतभर खाली पहार लोखंडावर वाजली.

टेकडीवरचा पहारेकरी घड्याळाच्या काट्यावर टाकी सोडायचा. पाचला सहा मिनिटं होती.

झाकण तीन महिने खडीखाली दाबलेलं. पहारेनं उचकटलं. आत कोरडी ठणठणीत वाळू, मधे व्हॉल्व्हचा चौकोनी खुंटा. धाकूनं झाकणाकडे न बघताच चावी बसवली आणि दोघांनी मिळून जोर लावला. चावी हलेना. पुन्हा जोर लावला, हाताची सालं निघाली.

"गंजला का रे?"

धाकूनं चावी उलटी, उघडायच्या बाजूनं, किंचित दाबून पाहिली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. त्यानं झटक्यानं ती परत घट्ट केली.

"गंजला नाय, साहेब. बंद हाय. पुरा बंद."

"बंद? अरे, काल संध्याकाळी आळीत पाणी होतं..."

धाकू त्या उचकटलेल्या झाकणाकडे बघत होता. झाकण उताणं पडलं होतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला आंब्याचं एक पान चिकटलं होतं. हिरवंगार. हरिहरपंतांनी ते उचललं. देठाला चीक होता, बोटाला चिकटला, आणि त्याचा तो उग्र कैरीचा वास त्या धुळीत दरवळला. आताच झाडावरून तोडावं तसं ते पान होतं, आणि वरची खडी तर माघापासून कोणी हलवली नव्हती.

टेकडीवर पाचाची घंटा झाली. इस्पितळाच्या नळाला फुसफुस झाली, मग धो धो पाणी आलं. कोणीतरी आनंदानं ओरडलं. खालचं नळकोंडाळं कोरडंच राहिलं. हरिहरपंत त्या खड्ड्याच्या काठावर बसले आणि त्यांना रडू आलं. धाकू समोर होता, तरी त्यांनी ते लपवलं नाही.

आळीला बैलगाडीवरून पिंपांनी पाणी पोचवलं. नवा नळ मुंबईहून पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीनं आला. तो बसवून, गटार वळवून, दहाव्या दिवशी दुपार उलटल्यावर हरिहरपंत आणि धाकू पुन्हा वडाच्या वळणावर आले. त्या दिवसांत आळीत आणखी एकच माणूस गेलं, आधीच अंथरूण धरलेलं. या खेपेला हरिहरपंतांच्या काखेत कागदाची गुंडाळी होती, आणि तिच्यावर पेन्सिलीनं पहिलीच खूण केलेली होती: वड, पूर्वेला अकरा पावलं.

खाली नळकोंडाळ्याशी बायका भांडी घेऊन जमल्या होत्या. तुळसाबाई त्यांत होत्या. पाचाची घंटा होऊन टाकी सुटलेली होती, पाणी व्हॉल्व्हपर्यंत येऊन थांबलं होतं. आता फक्त चावी फिरवायची.

धाकूनं झाकण उचललं. पहिलं पान हरिहरपंतांनी त्याच दिवशी घरी नेऊन देवापाशी ठेवलं होतं, झाकण स्वतःच्या हातानं रिकामं लावलं होतं. आता आत पान होतं. हिरवं, देठाला चीक असलेलं, आजचं.

हरिहरपंतांनी चावी बसवली नाही. उभी हातात धरली, जमिनीला न टेकवता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी खालच्या माणसाला कधी काही विचारलं नव्हतं. ते खड्ड्याकडे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"महिपत... उघडू का?"

वडाचं पान हललं नाही. धाकूचा श्वास ऐकू येत होता. घटका गेली की क्षण गेला, हरिहरपंतांना पुढे कधी सांगता आलं नाही.

मग खाली, आळीच्या टोकाला, एकदम भांड्यांचा खणखणाट झाला. बायकांनी कळशा, हंडे सरळ करून तोट्यांखाली लावले होते, ठोके ऐकल्यावर लावायच्या तसे. एक तुळसाबाई तेवढ्या भांड्याला शिवल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि घरधनी दाराशी आल्यावर ओढावा तसा त्यांनी पदर कपाळावर पुढे ओढून घेतला.

चावी अजून हरिहरपंतांच्या हातात, अधांतरीच होती.